बाक राखणे : अर्थ व वाक्यात उपयोग

भाषेच्या पेपरात एक प्रश्न दरवर्षी असतो. वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. केसाने गळा कापणे, हातावर तुरी देणे, वगैरे. आमच्या टीमचा वाक्प्रचार त्यात कधी येणार नाही, कारण तो कुठल्याच पुस्तकात नाही. तो शाळेच्या व्हॉलीबॉलच्या कोर्टावर जन्मला आणि माझ्यामार्फत आमच्या घरी राहायला आला. म्हणून मीच लिहून टाकते.

बाक राखणे. अर्थ : टीममध्ये असणे पण न खेळणे. वाक्यात उपयोग : मी वर्षभर बाक राखला.

यावर पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. पण खरं सांगायचं तर अर्थ अर्धाच आलाय.

राखणे हा शब्द आम्ही उगाच घेतलेला नाही. सामना सुरू व्हायच्या आधी खेळणाऱ्या मुलींना अंगावरचं सगळं उतरवावं लागतं. घड्याळं, अंगठ्या, कानातले, केसांचे टोकदार चाप. पंच बोटं तपासतात. मग हे सगळं ठेवायचं कुठे? बाकावर बसलेल्या मुलीला तसाही काय उद्योग असतो, म्हणून तिच्याकडे. म्हणजे माझ्याकडे. मी त्यात पद्धत आणली होती. जॅकेट मांडीवर पसरायचं. बूट काढायचे. घड्याळं डाव्या बुटात, बारीकसारीक उजव्या बुटात, आणि चष्मा ओंजळीत. चष्मा आमच्या सेटरचा, म्हणजे मारणारीला चेंडू उचलून देणारीचा. तिला आम्ही भिंग म्हणतो. ती चष्म्याशिवाय खेळते, कारण तिला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही, आणि चेंडू जवळ आला की ती तशीही डोळे मिटते.

माझ्याकडून कधी काही हरवलं नाही. उलट एकदा एक कानातलं वाढलंच. कॅप्टनने, म्हणजे शिडीने, सोनं बुटात ठेवण्यावरून सुरुवातीला नाक मुरडलं होतं.

"वास लागेल."

"सोन्याला वास लागत नाही," भिंग म्हणाली. "नाहीतर तुझ्या कानात राहून लागला नसता का?"

शिडीला शिडी का म्हणतात हे सांगायला नको. मी तिच्या खांद्याला लागते. माझी सर्व्हिस चांगली होती, सरावात तर फारच चांगली होती, पण व्हॉलीबॉलमध्ये नेट खाली घेत नाहीत. ते मला मान्य होतं. मात्र माझ्या शेजारी बाकावर जी बसायची, ती पेंगी, ती माझ्यापेक्षा फार उंच नव्हती. तिच्या हातापायात जीव कमी आणि जांभया जास्त. तरी बाई तिला अधूनमधून आत पाठवायच्या. बाई म्हणजे आमच्या कोच. त्या बाकाकडे बघायच्या, त्यांची नजर माझ्यावर यायची, माझ्या मांडीवर, पायातल्या मोज्यांवर जायची आणि पुढे सरकायची. "पेंगे, ऊठ." पेंगी उठायची, जांभई द्यायची, आत जाऊन एखादा चेंडू नेटमध्ये मारायची आणि परत येऊन बसायची. मला वाटायचं, नशीब.

आता जर्सीबद्दल. आमच्या शाळेत एक रीत आहे. वर्षाच्या सामन्यांत जिचा एकदा तरी कोर्टात पाय पडला, तिची जर्सी कायमची तिची. जिचा नाही पडला, तिने ती धुऊन, इस्त्री करून बाईंच्या कपाटात परत ठेवायची, पुढच्या वर्षीच्या मुलीसाठी. माझी जर्सी मला त्या कपाटातूनच मिळाली होती, डांबरगोळ्यांचा वास घेऊन. माझ्याआधी जिच्याकडे होती, तिनेही बाकच राखला होता, आणि तिच्याआधीचीनेही. म्हणजे जर्सीचा अनुभव माझ्याहून दांडगा. पाठीवरचा आकडा अजून कोरा करकरीत होता. बाकीच्यांचे आकडे तडकले होते.

मला ती जर्सी हवी होती. दुसरं काही कारण सांगता येत नाही. रात्रंदिवस विचार करत होते असंही नाही. पण कपाट उघडताना जो करकर आवाज होतो, तो आठवला की मी उगाच जर्सीची बाही चाचपायचे.

घरी आम्ही तिघं. बाबांची लाँड्री आहे, खाली दुकान, वर आम्ही. आई बसच्या डेपोत ड्रायव्हर आहे, पण तिला ठरलेली गाडी नाही. ती स्पेअर आहे. स्पेअर म्हणजे रोज गणवेश घालून डेपोत जायचं, गाड्या वाटून देणाऱ्या खिडकीसमोरच्या लांब बाकड्यावर बसायचं, आणि ज्याची ठरलेली गाडी आहे तो आला नाही तर त्याची गाडी काढायची. सगळे आले तर बसून परत यायचं.

मी वाक्प्रचार घरी आणला त्या दिवशी आईने तो जेवताना ऐकला आणि घास हातातच धरून हसली.

"अरे वा. म्हणजे मला सरकार बाक राखायचा पगार देतं."

"आणि ही फुकट राखते," बाबा म्हणाले. "पोरीने घराण्याचं नाव काढलं."

तेव्हापासून आई आली की बाबा दुकानातून वर ओरडून विचारायचे, "काय गं, आज राखलंस की हाकलंस?" आणि आई जिन्यातूनच सांगायची. शेजारच्या काकूंना वाटायचं की हे काहीतरी गुप्त बोलतायत. मग त्यांना अर्थ सांगावा लागला. आठवड्याभरात त्याही म्हणायला लागल्या की त्यांच्या जावयाने गेलं वर्षभर बाक राखलाय आणि वर जेवायला सगळ्यात आधी.

बाबा माझी जर्सी दर आठवड्याला इस्त्री करायचे. ती मळलेली नसायची, तरी. वाफेची इस्त्री फिरवता फिरवता म्हणायचे, "दुकानात एवढं सुखी गिऱ्हाईक दुसरं नाही. ना डाग, ना घाम."

"बाबा, पुरे."

"मी कपड्याबद्दल बोलतोय. तू का लावून घेतेस?"

आईच्या डेपोतल्या गोष्टी जेवताना निघायच्या. त्यातला सगळ्यात रंगीत माणूस म्हणजे मिशा. मिशा पण स्पेअर, आईहून जुना. त्याच्या मिशा हँडलसारख्या होत्या, त्यावरून नाव. डेपोतली सगळ्यात नको असलेली गाडी म्हणजे टेकडीची. चढ, वळणं, वर दवाखाना, आणि शाळा सुटायच्या वेळेला आत पाय ठेवायला जागा नाही. टेकडीवाला ड्रायव्हर आला नाही की खिडकीतला माणूस डोकं बाहेर काढतो आणि बाकड्याकडे बघतो.

"आणि तेवढ्यात मिशाच्या हातात चहाचा कप येतो," आई सांगत होती. "काठोकाठ भरलेला. खिडकीतला बघतो, हा चहा पितोय, याला कुठे उठवा. मग नजर पुढे. चहा कधीचा थंडगार झालेला असतो, वर साय. तो पीतच नाही. तो कप नुसता धरण्यासाठी आहे."

"आणि तू काय धरतेस?"

"मी काही धरत नाही. म्हणून तर टेकडी माझ्या माथी."

आम्ही हसलो. ही गोष्ट माझ्याबद्दल आहे हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही, आईच्याही नाही.

शेवटून दुसऱ्या सामन्याला आई आली. त्या दिवशी तिने डेपोत दुपारपर्यंत बाक राखला होता आणि खिडकीतल्याने तिला लवकर सोडलं होतं. ती गणवेशातच आली, पालकांच्या पायऱ्यांवर बसली.

"येऊ नकोस," मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. "बघायला काही नसतं. मी बसलेली असते."

"मग बसलेली बघेन. त्यातलं मला कळतं."

सामना आम्ही जिंकलो. पेंगी मध्ये जाऊन आली. मी घड्याळं वाटली, कानातले वाटले, बूट झटकून पायात घातले आणि आईबरोबर निघाले. ती चालताना पण गाडी चालवल्यासारखी चालते, कोपरा आला की आधी दोन्हीकडे मान.

"तू बसतेस कशी?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तू बाकाच्या पार टोकाला बसलीस. बूट काढलेले. मांडीवर दुकान मांडलेलं. हातात चष्मा."

"सगळ्यांचं सामान असतं. कुणीतरी राखायला नको?"

"तुझ्या बाई तीनदा तुझ्याकडे बघत होत्या. मी वरून बघत होते ना. बघायच्या आणि पुढे जायच्या. मला कळेना की हे मी कुठे पाहिलंय. मग कळलं. मिशा."

मी थांबले. "मी मिशा?"

"बूट, कानातले, चष्मा. हे सगळं म्हणजे त्याचा चहाचा कप. ज्याचे हात भरलेले, त्याला कोण उठवतो? तुझ्या बाईंना वाटत असेल की हिला उठवलं तर हे सगळं कोण घेणार, बूट घालेपर्यंत सेट संपेल. त्यापेक्षा ती झोपाळू बरी. निदान तिच्या पायात बूट आहेत."

"मी काय मुद्दाम करते का?"

"मिशा मुद्दाम करतो," आई म्हणाली. "तुझं तुला माहीत. टेकडीची गाडी नको असते म्हणून तो कप धरतो. तुला खेळायचंय ना नक्की?"

हे तिने टोमणा मारल्यासारखं विचारलं नव्हतं. खिडकीतला विचारतो तसं विचारलं होतं, गाडी काढणार का, हो की नाही. मी त्यावर विचार केला. फार वेळ नाही, कारण मिळालेलं उत्तर मला आवडलं नाही. बाकाच्या टोकाला, मांडीवर सगळ्यांचं सोनं घेऊन, मला बरं वाटायचं. चुकायला जागाच नव्हती. सामना हरला तरी माझ्याकडचं काही हरवलेलं नसायचं.

"खेळायचंय," मी म्हणाले.

"मग कप खाली ठेव. खिडकीजवळ बस. आणि बूट घाल गं, लोकांचे दागिने कसले बुटात ठेवतेस."

शेवटच्या सामन्याच्या दिवशी मी बाबांनी इस्त्री केलेली जर्सी घालून गेले. बाबांनी बाहीला अशी घडी पाडली होती की कागद कापला गेला असता. आई येणार नव्हती, तिला सकाळीच गाडी मिळाली होती. कुठली ते विचारायला नको.

मुली एकेक करून माझ्याकडे आल्या, हात पुढे करून. मी हात पाठीमागे घेतले.

"आज मी काही राखणार नाही."

शिडी घड्याळ काढता काढता थांबली. "म्हणजे? मग कोण राखणार?"

"पिशवी."

"पिशवीला डोळे असतात का?"

"पेंगीला तरी कुठे असतात? ती पिशवीवर पाय ठेवून बसेल. चोराला आधी तिला उठवावं लागेल, आणि ते आपल्याला कुणालाच जमत नाही."

पेंगीने यावर डोळे उघडले आणि परत मिटले. शिडीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "अचानक काय झालं तुला? वर्षभर तर राखलंस की. आज शेवटच्या दिवशी शिंगं फुटली?"

"फुटली," मी म्हणाले. ती इतक्या उंचावरून बघत होती की शिंगं असती तर तिला आधी दिसली असती.

घड्याळं, अंगठ्या पिशवीत गेल्या. धुसफूस करत, पण गेल्या. भिंग तेवढी अडून बसली. चष्मा पिशवीत चेंगरेल, नवीन आहे, आई जीव घेईल. तिने डोळ्यात पाणी आणलं. चष्म्याआडून ते पाणी मोठं दिसतं. मी म्हटलं, आण.

मग मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेले, जिथे बाईंची जागा असते, आणि त्यांच्या शेजारी बसले. बूट पायात, नाड्या दोनदा बांधलेल्या. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू फळ्याशेजारी नवीन खुर्ची आलीये.

पहिला सेट आम्ही घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात आम्ही मागे पडायला लागलो. शिडी नेटवर भिंतीसारखी उभी राहायची, पण तिची सर्व्हिसची पाळी आली की चेंडू एक तर नेटमध्ये नाही तर बाहेर. त्या दिवशी तर तिचा हात चालतच नव्हता. परत तिची पाळी येत होती. बाई पुढे वाकल्या, गुडघ्यावर हात ठेवून, मग बाकाकडे वळल्या.

त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर आली. मग खाली, माझ्या हातावर. हातात चष्मा. मी तो छान धरला होता, काचांना बोटं लागणार नाहीत असा, दोन्ही हातांनी. नजर पुढे सरकली, पेंगीकडे.

चहा थंडगार झालेला होता, वर साय.

मी चष्मा बाईंच्या मांडीवर ठेवला. "बाई, हा जरा राखा," मी म्हणाले आणि उभी राहिले.

बाईंनी चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं तोंड थोडं उघडं होतं. पेंगी तिकडे अर्धी उठली होती, ती आनंदाने परत बसली.

"कुणाचा आहे?"

"भिंगाचा."

"सर्व्हिस येते तुला?"

बाई वर्षभर सरावाला समोर उभ्या असायच्या. पण मी म्हणाले, "येते."

"जा. कॅप्टनच्या जागी."

पंचांनी शिट्टी मारली. शिडी बाहेर आली, मी आत गेले. रेषेवर आम्ही एकमेकींजवळून गेलो तेव्हा ती काहीतरी पुटपुटली, बहुधा मारायचा असेल तर पलीकडे मार, असं. तो सल्ला चांगला होता.

आत गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती म्हणजे कोर्ट बाकावरून दिसतं त्याहून लांब असतं. दुसरी, की हातात काही नसलं की हातांचं काय करायचं ते कळत नाही. मग चेंडू हातात आला, तेव्हा प्रश्न सुटला.

पहिला चेंडू मी उडवला आणि मारला. तो नेटच्या वरच्या पट्टीला लागला, तिथे थोडा रेंगाळला आणि पलीकडे पडला, जसा एखादा माणूस जिन्यात पाय चुकून पडतो. समोरच्या मुली बघत राहिल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, नेटला लागला, धरू नका. पंचांनी आमच्याकडे हात केला. पॉइंट. भिंगाने मला मिठी मारली. तिला मी कोण वाटले कोण जाणे.

दुसरा चेंडू मी जोरात मारला. छान बसला होता हातावर. तो समोरच्या टीमच्या डोक्यावरून, मागच्या रेषेवरून, पायऱ्यांवरून गेला आणि कुणाच्या तरी डब्यावर आपटला. बाहेर. सर्व्हिस त्यांच्याकडे गेली. बाईंनी हात वर केला. शिडी परत आत, मी बाहेर. एवढंच माझं वर्ष.

बाहेर येताना मी बाकाकडे पाहिलं. मी आत असताना शिडी बाईंच्या शेजारी, माझ्या जागेवर बसली होती, पाठ ताठ, आणि भिंगाचा चष्मा तिच्या ओंजळीत होता. बाईंनी तिच्याकडे सरकवला असणार. उठताना तिला कळेना की त्याचं काय करायचं. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्यापुढे धरला.

"धर की," ती म्हणाली. पण या वेळी विचारल्यासारखं.

मी घेतला. वाक्यात उपयोग : कॅप्टनने दोन सर्व्हिसपुरता बाक राखला. हे वाक्य मी तिथे मोठ्याने म्हटलं नाही. घरी जाऊन म्हटलं.

सामना आम्ही हरलो. माझ्या चेंडूमुळे हरलो असं कुणी म्हटलं नाही, फरक एका पॉइंटपेक्षा बराच मोठा होता. पेंगी पिशवीवर पाय ठेवून गाढ झोपली होती आणि पिशवीतलं सगळं जागच्या जागी होतं. मग कपाट उघडलं, तोच करकर आवाज. बाई दारात उभ्या होत्या.

"जर्सी परत करणाऱ्यांनी पुढच्या आठवड्यापर्यंत," त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर मुलींवरून फिरत माझ्यावर आली. थांबली. मग पुढे गेली. पण या वेळी ती पुढे गेली तेव्हा मला बरं वाटलं.

आई संध्याकाळी उशिरा आली. टेकडीवरून खाली येताना गाडी बंद पडली होती, दुसरी येईपर्यंत ती प्रवाशांबरोबर रस्त्याच्या कडेला उभी होती. जिना चढताना तिचे गुडघे बोलत होते. बाबांनी खालून नेहमीसारखं ओरडून विचारलं नाही, ते दुकान अर्धवट टाकून तिच्या मागोमाग वर आले. त्यांना आधीच माहीत होतं. मी शाळेतून थेट दुकानातच गेले होते.

आई खुर्चीत बसली, बूट काढले आणि माझ्याकडे पाहिलं. मी अजून जर्सीतच होते.

"काय?"

"दोन सर्व्हिस. एक पॉइंट, एक डबा."

"डबा?"

"कुणाचा तरी डबा फुटला."

आईने मान हलवली, जणू काही डबा फुटणं हा खेळाचाच भाग आहे. "आणि मिशा?"

"मिशाने कप खिडकीतल्याच्याच हातात दिला."

हे ऐकून आई अशी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. बाबांना मिशा आणि त्याचा कप माहीत होते, पण ते व्हॉलीबॉलच्या कोर्टावर कसे आले हे मग पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष माझ्या बाहीवरच्या घडीवर होतं. ती अजून जशीच्या तशी होती.

"काढ, सकाळच्या कपड्यांत टाकतो," ते म्हणाले.

"घाम आला होता का?" आईने विचारलं.

मी विचार केला. "नाही. वेळच मिळाला नाही."

"मग धुवायची कशाला?"

मी कपडे बदलून आले. बाबांनी जर्सी हातात घेतली, उजेडात धरली, आतून बाहेरून पाहिली, गिऱ्हाइकाचा कपडा तपासतात तशी. मागच्या आकड्याच्या कडेला एक बारीक चीर पडली होती, केसाएवढी. हात वर केला तेव्हा पडली असणार. त्यांनी अंगठ्याने ती चाचपली, जर्सी हँगरला लावली आणि माझ्या कपाटात नेऊन ठेवली.